मशीन पाणी सोडतं, पण कपडे पिळत नाही

खिडकीतली · शनिवार, सकाळी ११.१०

फ्रंट लोड मशीन, ७ किलोचं, वय ८ वर्षं. गेले तीन आठवडे धुणं व्यवस्थित होतं, खंगाळणं होतं, पाणीही बाहेर जातं. पिळायची वेळ आली की मात्र ड्रम दोनतीनदा डावीउजवीकडे हलतो, विचारात पडल्यासारखा थांबतो, परत हलतो आणि आकड्यांच्या पट्टीवर '१ मिनिट' येऊन बसतं. ते एक मिनिट मी पाऊण तास बघितलंय. कपडे बाहेर काढावेत तर निथळतायत.

एक दुरुस्तीवाले येऊन गेले. एकही स्क्रू न काढता दोनदा बटणं दाबली आणि "बोर्ड गेला" म्हणाले. बोर्डाच्या, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूच्या, किमतीचा आकडा ऐकला आणि विचार करते म्हटलं.

माझ्याकडे स्क्रूड्रायव्हरचा संच, पक्कड आणि एक मल्टिमीटर आहे. मल्टिमीटर आजवर फक्त रिमोटचे सेल तपासायला वापरलाय. विजेची भीती आहे, पण शिकायची तयारीही आहे. सुरुवात कुठून करू?

टवाळ · शनिवार, सकाळी ११.२५

'हलतो, विचारात पडतो, थांबतो, परत हलतो.' आमच्या साहेबांचं हुबेहूब वर्णन. त्यांचाही बोर्डच गेलाय.

पानापक्कड · शनिवार, दुपारी १२.०५

बोर्ड जातच नाही असं नाही. पण संशयितांच्या रांगेत तो शेवटी उभा असतो. तुमचं मशीन पाणी घेतंय, धुतंय, खंगाळतंय, पाणी सोडतंय, म्हणजे त्याचं डोकं बऱ्यापैकी ठिकाणावर आहे. ड्रम दोन्ही दिशांना फिरतोय म्हणजे मोटर, पट्टा आणि बहुतेक कार्बनही (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे दोन तुकडे) ठीक आहेत. कार्बन झिजले असते तर धुतानाच अडखळलं असतं.

पिळण्याआधी मशीन तीन गोष्टी बघतं. दार कुलूपबंद आहे का, आतलं पाणी गेलं का, आणि कपडे ड्रमभर सारखे पसरलेत का. एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं की ते वेग घेत नाही, आणि घेऊही नये. ओले कपडे मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी फिरवायचे तर तोल साधलेलाच हवा. तुम्हाला जो 'विचार' दिसतोय तो कपडे पसरवायचा प्रयत्न असू शकतो, किंवा ते आणखी कशाची तरी वाट बघत असेल. ती वाट कशाची, एवढंच आपल्याला शोधायचंय.

आज काहीही उघडू नका. ड्रम रिकामा करा, दार लावा, फक्त 'पिळणे' लावा आणि शेजारी उभं राहून कान द्या. पंपाची घरघर किती वेळ येते, ड्रमचा वेग वाढतो का, ते लिहा.

वायरमन_निवृत्त · शनिवार, दुपारी १२.४०

ताई, उघडण्याआधी म्हाताऱ्याचं चार ओळींचं ऐका.

भिंतीवरचं बटण बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. बटणावर फेजऐवजी न्यूट्रल तोडून ठेवलेली वायरिंग मी आयुष्यभर दुरुस्त करत आलो. तिथे बटण बंद असतं आणि मशीनच्या आत फेज जिवंत असतो. प्लग खेचून काढायचा आणि तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवायचा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी सहज म्हणून लावणार नाही. नळ बंद करायचा.

तुमची मोटर पट्ट्याची आणि कार्बनची दिसते. पण ज्यांच्याकडे इन्व्हर्टर मोटरचं, म्हणजे कार्बन नसलेल्या आणि बोर्डाने वेग सांभाळलेल्या मोटरचं, मशीन आहे त्यांनी लक्षात ठेवा, २३० व्होल्टचं डीसी केलं की बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या डबीत) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच असतात. दहा मिनिटं थांबा, मग मल्टिमीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडणं हा शूरपणा नाही.

हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर जिथून काढाल तिथेच परत घट्ट बसवायची. दाराचं कुलूप 'तात्पुरतं' जोडून टाकायचं नाही, कधीच नाही. आणि जाड हातमोजे घाला. माझ्या हातावरच्या जुन्या खुणांपैकी विजेची एकही नाही, सगळ्या पत्र्याच्या कडांच्या आहेत.

चौकस · शनिवार, दुपारी १.१५

धागा पळवत नाहीये, पण राहवत नाही म्हणून विचारतो. आमचं सेमी-ऑटोमॅटिक आहे. धुण्याची बाजू मस्त चालते, ड्रायर मात्र नुसता 'हूंऽऽ' करतो आणि फिरत नाही. झाकण उघडून हाताने ढकलायला गेलो तर ड्रम जाम. बेअरिंग, म्हणजे ज्या कड्यात ड्रमचा दांडा फिरतो ते, गेलं का?

पानापक्कड · शनिवार, दुपारी १.३०

चौकस, झाकण उघडं असताना ड्रायर हाताने फिरणारच नाही, कारण झाकण उचललं की ब्रेक लागतो. जामच असायला हवा तो! सविस्तर नंतर लिहितो. तोवर चालू ठेवून 'हूंऽऽ' ऐकत बसू नका. न फिरणाऱ्या मोटरला वीज मिळत राहिली की तिची गुंडाळी तापून जळते.

खिडकीतली · शनिवार, दुपारी ४.२०

रिकाम्या ड्रमनेही पिळत नाही! पंप सुरू होतो, पाणी जाण्याचा आवाज येतो, मग कोरडी घरघर येते, ती बराच वेळ चालते, पंप थांबतो, ड्रम हळूच हलतो, आणि पुन्हा पंप. वेग वाढतच नाही. शेवटी तेच १ मिनिट.

दार उघडून हात घातला तर तळाशी पाणी नाही.

गळकी_बादली · शनिवार, दुपारी ४.५०

खालच्या कोपऱ्यातल्या झाकणाआडची गाळणी बघितलीत का? माझ्याच्यात एकदा शर्टाचं बटण, केसांच्या पिना आणि मुलाच्या खेळण्यातलं चाक निघालं होतं.

पण माझ्यासारखं करू नका. मी मशीन पाण्याने भरलेलं असताना गाळणी एकदम फिरवून काढली. टबमधलं सगळं पाणी जमिनीवर, आणि मी त्यात बसलेली. शेजारी एक बारीक नळी असते, तिचं बूच काढून आधी पसरट भांड्यात पाणी काढून घ्यायचं. नळी नसली तर गाळणी अर्धाच आटा सैल करायची, भांडं भरलं की घट्ट, रिकामं करून परत सैल. कंटाळवाणं आहे, पण लादी पुसण्यापेक्षा बरं. परत बसवताना आटे सरळ बसलेत ना बघा, नाहीतर पुढच्या धुण्याला तळं.

निवांत · शनिवार, संध्याकाळी ६.००

८ वर्षं झाली ना? नवीन घ्या आणि सुखी व्हा. वेळेलाही किंमत असते.

खिडकीतली · शनिवार, रात्री ९.१०

निवांत, कदाचित घेईनही. पण काय बिघडलंय हे न कळता घेतलं तर झोप लागणार नाही, तो स्वभावाचा दोष.

गाळणी उघडली. एक बाळमोजा, दोन पिना आणि ज्याचं वर्णन करवत नाही असा राखाडी बुळबुळीत गोळा. गाळणीच्या मागे बॅटरी मारली तर पंपाचा छोटा पंखा दिसतो. काडीने फिरवून पाहिला, तर सरळ फिरत नाही, गचके खात फिरतो. अडकतो, सुटतो, अडकतो. सापडला का चोर?

पानापक्कड · शनिवार, रात्री ९.३५

नाही. या गचक्यांमुळे चांगले पंप कचऱ्यात जातात.

या पंपाच्या आत कायमचं चुंबक असतं आणि पंखा त्यालाच जोडलेला असतो. हाताने फिरवलं की चुंबक लोखंडी गाभ्याला धरतं, सोडतं, परत धरतं. ते गचके म्हणजे चुंबक जिवंत असल्याची खूण. काही पंपांत पंखा थोडा मोकळा फिरून मग धरतो, तेही मुद्दाम केलेलं असतं, सुरू होताना चुंबकाला जरा पळायला जागा मिळावी म्हणून. घोटाळा कधी समजायचा? पंखा अजिबात हलत नसेल, पाती तुटली असतील, किंवा काहीच न अडकता गरगर फिरत असेल तर.

गुंडाळी तपासायचीच असेल तर प्लग काढून पंपाच्या दोन टोकांवर ओहम मोजा. २३० व्होल्टच्या पंपाला दीडशे-दोनशेच्या आसपास येतं. अनंत आलं तर गुंडाळी तुटली.

पण तुमचा पंप पाणी उपसतोय. तुम्हीच लिहिलंय, आधी पाण्याचा आवाज, मग कोरडी घरघर. आता त्याच्यापुढचं वाक्य बघा: कोरडी घरघर 'बराच वेळ चालते'. पाणी संपलंय तरी मशीन पंप थांबवत नाही. का? त्याला पाणी संपल्याचं कळलेलंच नाही.

उद्या सकाळी नीट लिहितो, आता पेंगतोय.

टवाळ · शनिवार, रात्री ९.४०

मालिकेवाल्यांनी शिकावं यांच्याकडून.

पानापक्कड · रविवार, सकाळी ७.५०

हां. मशीनला आत किती पाणी आहे ते दिसत नाही, त्यामुळे ते हवेवरून ओळखतं. टबच्या तळाशी बाजूला एक छोटा कप्पा असतो, त्याचं तोंड टबकडे उघडं. कप्प्याच्या डोक्यावरून एक बारीक रबरी नळी वर जाते आणि वरच्या झाकणाखाली प्रेशर स्विचला लागते. टबमध्ये पाणी चढलं की कप्प्यातली हवा कोंडते, नळीतून वर ढकलली जाते आणि स्विचमधला पातळ पडदा फुगतो. पडदा फुगला म्हणजे पाणी आलं, बसला म्हणजे पाणी गेलं. जुन्या मशीनमध्ये यावर साधी 'टिक्' होते, नव्यांत पडद्याबरोबर एक गाभा सरकतो आणि बोर्डाला वारंवारतेतला फरक कळतो. कल्पना दोन्हीकडे तीच.

आता त्या कप्प्याच्या तोंडाशी साबणाचा, तंतूंचा गाळ बसला तर? पाणी येताना हवा वर ढकलली जाते, पण पाणी गेल्यावर तोंडाशी गाळाचं बूच असल्यामुळे कोंडलेली हवा सुटत नाही. टब रिकामा, पडदा फुगलेलाच. मशीन इमानदारीत पंप चालवत राहतं, पाणी 'जाईपर्यंत' पिळायला नकार देतं. तुमच्या गाळणीतला राखाडी गोळा वाचला तेव्हाच मला वास आला होता.

असं करा:

प्लग काढा. वरचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं, ते काढून झाकण मागे सरकवून उचला. वरच्या कोपऱ्यात तबकडीसारखी किंवा काड्यापेटीएवढी प्लास्टिकची वस्तू दिसेल, तिला बोरूएवढी नळी लागलेली असेल. फोटो काढा. क्लिप सरकवा, नळी हलकेच फिरवत स्विचवरून काढा.

नळी काढायच्या आधी फुंकर मारायची नाही! खालच्या दिशेने जोरात फुंकायचं असेल तेव्हा स्विच सुटा झालेला हवा, नाहीतर पडदा फाटतो आणि मग खरोखरच सुटा भाग आणावा लागतो.

नळी सुटली की तिच्यातून टबकडे फुंका. सहज हवा गेली पाहिजे. गाल फुगून डोळे बाहेर आले तर बूच सापडलं.

स्विच तपासायचा तर नळीचा एक छोटा तुकडा लावून अगदी हळू फुंका, चहात फुंकर घालतो त्याहूनही हळू. 'टिक्' यायला हवी, आणि फुंकर सोडली की परत 'टिक्'. इलेक्ट्रॉनिक असेल तर टिक् येणार नाही, ते सोडून द्या.

मराठीभान · रविवार, सकाळी ८.३०

अवांतर: 'प्रेशर स्विच' ला 'दाबकळ' म्हणता येईल का? दाबाने चालणारी कळ.

टवाळ · रविवार, सकाळी ८.४५

दाबकळ म्हटलं तर लोक दाबून बघतील. वरती आत्ताच सांगितलंय, फुंकूसुद्धा नका जोरात.

पानापक्कड · रविवार, सकाळी ९.००

'दाबकळ' आवडलं, पण दुकानात प्रेशर स्विचच मागा.

आता चौकस. ड्रायर गुणगुणतो आणि फिरत नाही याची तीन कारणं मी डोळे मिटून सांगतो, सोप्याकडून अवघडाकडे. एक, ड्रायरचा ड्रम आणि बाहेरचा टब यांच्या फटीत रुमाल किंवा मोजा पडलाय. दोन, ब्रेक सुटत नाहीये: झाकणापासून खाली एक तार जाते, झाकण लावलं की ती ओढली जाते आणि ब्रेकची पट्टी चाकापासून दूर होते, तार सैल झाली की पट्टी घासत राहते. तीन, कपॅसिटर गेलाय.

प्लग काढा, मागचं झाकण उघडा, ब्रेकची पट्टी हाताने दूर धरा आणि मग ड्रम फिरवा. मोकळा फिरला तर फटीत काही नाही आणि बेअरिंगही बरं आहे. मग ड्रायरचं झाकण लावून बघा, तारेने पट्टी तेवढीच दूर जाते का. जात असेल तर कपॅसिटरकडे वळा. त्यावर आकडा छापलेला असतो, ड्रायरच्या मोटरचा साधारण ५ मायक्रोफॅरडच्या आसपास, धुण्याच्या मोटरचा १० च्या आसपास. काहींत दोन्ही एकाच डबीत असतात आणि तीन वायरी बाहेर येतात. मोजण्याआधी त्याची दोन टोकं काही हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून काही सेकंद जोडून तो रिकामा करा.

हातोडा · रविवार, सकाळी ११.२०

इथे बेअरिंगचा उल्लेख झाला म्हणून माझी फसगत सांगून टाकतो, कुणाच्या तरी कामी येईल.

माझं फ्रंट लोड पिळताना विमान उडाल्यासारखं गर्जायला लागलं. ड्रमच्या कडेला धरून वर-खाली हलवलं तर ड्रम बाहेरच्या टबच्या मानाने डुगडुगत होता. मागून बघितलं तर टबच्या मध्यापासून खाली तांबूस ओघळ. हा ओघळ म्हणजे कबुलीजबाब: आधी सील (बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारं रबरी कडं) गेलं, पाणी आत शिरलं, ग्रीस धुतलं गेलं, मग बेअरिंग गंजलं.

सगळं खोललं. टबला बांधलेले काँक्रीटचे ठोकळे आधी काढावे लागतात, नाहीतर टब उचलताना कंबर जाते. मागच्या चाकाचा मधला बोल्ट काढला, मग ड्रमच्या दांड्यावर हातोडा घालायच्या आधी तो बोल्ट दोनतीन आटे परत लावला आणि बोल्टच्या डोक्यावर लाकूड ठेवून ठोकलं. दांड्याच्या टोकावर सरळ ठोकलं तर आटे दबतात आणि बोल्ट पुन्हा बसत नाही. एवढं शहाणपण मला होतं.

बेअरिंग दोन निघाली, एक ६२०५, एक ६२०६. या आकड्यांची एक गंमत: शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. नवीन बसवताना बाहेरच्या कड्यावरच ठोकलं, आतल्या कड्यावर नाही, नाहीतर गोळ्यांवर मार बसतो. सगळं शास्त्रशुद्ध.

आणि सील? ते 'दिसायला चांगलं' होतं म्हणून जुनंच घातलं. शिवाय दांड्यावर सील जिथे टेकतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडली होती, तीही चालवून घेतली. ८ महिन्यांत विमान परत आलं. दुसऱ्यांदा सील नवं, त्याच्या ओठाला पाण्याने न धुतलं जाणारं ग्रीस, आणि दांड्यासकट मागचा तिपाई सांगाडा बदलला. सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, साबणाच्या पाण्याने तो बिस्किटासारखा ठिसूळ होतो. माझा एक पाय हातातच आला.

आणि हो, पहिला स्क्रू काढण्याआधी टबचा सांधा बघा. दोन अर्धे स्क्रूने जोडलेले असतील तर पुढे जा. काही टब कारखान्यातच वितळवून चिकटवलेले असतात, ते करवतीने कापावे लागतात. माझा त्यात पडायचा सल्ला नाही.

निवांत · रविवार, सकाळी ११.३०

दोनदा खोललंत. मी म्हणालो होतो ना, वेळेलाही किंमत असते.

हातोडा · रविवार, सकाळी ११.३४

असते की. बेअरिंग हे घरी करायचं काम आहे असं मी कुणाला सांगतच नाही. गाळणी, नळ्या, पट्टा, कार्बन, पंप, दाराचं रबर, हे करा. बेअरिंगला मनात खुमखुमी असेल तरच हात घाला.

खिडकीतली · रविवार, दुपारी २.१५

पिळलं!!

नळी काढली, टबकडे फुंकलं तर हवा जाईना. डोळे खरंच बाहेर आले. मग जोर लावून फुंकलं आणि आत कुठेतरी 'बुडुक' झालं आणि वाट मोकळी झाली. स्विच टिक्-टिक् करतो. सगळं जोडलं, रिकामं पिळायला लावलं, आणि ते काय पळालं म्हणून सांगू. घरातले सगळे बघायला आले.

गळकी_बादली · रविवार, दुपारी २.२०

अभिनंदन! आता ते बोर्डवाले भेटले तर नमस्कार सांगा.

खिडकीतली · मंगळवार, रात्री ८.४०

नमस्कार मागे घेते. दोन धुणी छान पिळली, तिसऱ्याला परत १ मिनिट.

पानापक्कड · मंगळवार, रात्री ९.०५

चूक माझी, अर्धवट सांगितलं. फुंकरीने बूच फुटलं, पण गाळ कप्प्यातच राहिला आणि परत तोंडाशी येऊन बसला. कप्पाच धुवायला हवा.

पाणी काढा, प्लग काढा, मशीन मागे भिंतीला नीट टेकवून समोरून उचला, किंवा जाड चादर अंथरून हलकेच एका बाजूवर झोपवा. दोघं जण लागतात, एकटीने नाही. टबमध्ये पाणी असताना आडवं करू नका, ते वर चढून बोर्डावर जाईल. काही मशीनमध्ये कप्पा मागचं झाकण काढून हाताला लागतो, आधी तिथे बघा.

नळी कप्प्यापासूनही काढा. कप्पा टबला क्लिपवर किंवा मोठ्या रबरी गुडघ्यावर असतो. सोडवा, कोमट पाण्यात बाटली धुवायच्या ब्रशने घासा. टबकडचं भोकही बोटाने साफ करा. बसवताना सांध्यात हवा सुटता कामा नये. बारीकशी गळती असली तरी पातळी चुकीची दिसते, यावेळी उलट्या बाजूने: पाणी भरतच राहतं.

पाणी भरत राहण्याचं आणखी एक कारण इथेच नोंदवून ठेवतो, कुणीतरी शोधत येईल. सांडपाण्याच्या नळीचं तोंड जमिनीलगत ठेवलं तर वक्रनलिकेसारखं पाणी आपोआप ओढलं जातं. एकीकडून भरतं, दुसरीकडून जातं, आणि मशीन बिचारं घटकाघटका पाणी मागत राहतं. नळीचा वळसा साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवा, आणि नळी पाइपात खोल कोंबून हवाबंद करायची नाही.

खिडकीतली · गुरुवार, रात्री १०.००

कप्पा निघाला. आत मुठीएवढा काळा-करडा लगदा, मेणासारखा. भावाने नाक दाबून मशीन धरलं आणि मी घासलं. आज चार धुणी झाली, चारही पिळली. आधी उगाच नाचले म्हणून यावेळी गप्प बसून चार वेळा बघितलं.

हा लगदा येतो कुठून? मी तर साबण भरपूर घालते.

वायरमन_निवृत्त · गुरुवार, रात्री १०.१५

प्रश्नातच उत्तर आहे, ताई.

गळकी_बादली · गुरुवार, रात्री १०.४०

मीही तीच होते. फेस जास्त तर कपडे जास्त स्वच्छ, असं डोक्यात पक्कं बसलेलं. फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असतं, त्यात जादा साबण धुतलाच जात नाही. वर कपडे मऊ करायचं ते द्रव घातलं की त्यातला स्निग्ध भाग आणि साबण मिळून हा मेणचट थर बसतो. नेहमी थंड पाण्यातच धुतलं तर तो कधी विरघळतच नाही. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर किंवा त्याहून गरम चालवते. साबणाची मात्रा निम्मी केली, कपडे तसेच निघतात.

पाणी जड असेल तर क्षारांसाठी सायट्रिक ॲसिड चालतं, पण ब्लीचबरोबर कधीही नाही, त्यातून विषारी वायू निघतो. एकेक, वेगवेगळ्या दिवशी.

चौकस · शुक्रवार, सकाळी ९.२०

माझाही निकाल. कपॅसिटर ठणठणीत, ५ छापलेला आणि ४.८ मोजला. ब्रेकची तार झाकणाच्या बिजागरीपाशी आकड्यावरून निसटली होती. पुन्हा अडकवली, ड्रायर पहिल्या झटक्यात फिरला. पंधरा मिनिटांचं काम, आणि मी बेअरिंग मागवायला निघालो होतो.

खिडकीतली · शनिवार, दुपारी १२.३०

शेवटचा प्रश्न, मग हा धागा सोडते. काम संपल्यावर दार उघडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. मी काही चुकीचं जोडलं का? पूर्वी कधी लक्षच दिलं नव्हतं.

पानापक्कड · शनिवार, दुपारी १२.५०

काही चुकलेलं नाही. त्या कुलपात एक छोटी तापणारी वडी असते, ती दोन धातूंची पट्टी वाकवून खिळा अडकवते. वीज गेली की पट्टी थंड होऊन सरळ व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. वेग घेतलेला ड्रम तोवर थांबावा म्हणून तसं केलंय. हे दुरुस्त करू नका.